पंप बदलला, तरी गाडी पुन्हा बंद का पडते?

अमरावती ते अकोला महामार्गाच्या ७५ किलोमीटर लांबीच्या मार्गिकेचे डांबरीकरण जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. रस्ता असा गुळगुळीत झाला; परंतु एप्रिल-मेच्या दुपारी बडनेरा, मूर्तिजापूर अथवा बोरगाव मंजूच्या आसपास बॉनेट उघडून उभी असलेली एखादी प्रीमिअर पद्मिनी, अॅम्बॅसेडर किंवा कार्बोरेटरची जुनी मारुती ८०० दिसली, तर आजही कोणाला नवल वाटत नाही. मिस्त्री येतो, 'एसी पंप गेला' असे निदान करतो, नवा पंप बसतो आणि गाडी चालू लागते. दोन-तीन महिन्यांनी मात्र तोच प्रसंग पुन्हा उद्भवतो.

येथे एक साधा नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पंधरा-वीस वर्षे चाललेला पंप एकदा निकामी झाला, तर ती झीज समजावी. त्यानंतर वर्षभरात दुसरा आणि तिसरा पंप गेला, तर दोष बहुधा पंपात नसतो. टाकी, नळ्या, उष्णता, इंधन किंवा पंप बसविण्याची पद्धत यांपैकी काहीतरी त्या पंपाचा बळी घेत असते. ते कारण न शोधता केवळ पंप बदलत राहिल्यास पैसा तर जातोच. शिवाय इंजिनाची हानी होण्याचा आणि आग लागण्याचा धोकाही वाढत जातो.

या गाड्यांचे सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मीळ होत असल्याने प्रश्न अधिकच बिकट झाला आहे. मुंबईतील कुर्ला येथील प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. तीच पुढे पद्मिनी या नावाने घरोघरी पोहोचली आणि २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. अॅम्बॅसेडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये बंद झाले. मुंबईत नोंदणी झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून हटली. हजारो टॅक्सींमुळे सुट्या भागांना जी मोठी बाजारपेठ होती, तीही त्यामुळे आटली. आज मिळणारा 'नवा' पंप कधी वर्षानुवर्षे कपाटात पडून रबर कडक झालेला असतो, तर कधी हलक्या प्रतीची नक्कल असते. म्हणूनच हाती असलेला चांगला पंप वाया जाऊ न देणे महत्त्वाचे ठरते.

पंपाचे काम कसे चालते?

या गाड्यांत पेट्रोलची टाकी मागे आणि इंजिन पुढे असते. टाकीतील पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत आणण्याचे काम इंजिनाच्या अंगावर बसविलेला हा छोटा पंप करतो. इंजिनातील कॅमशाफ्टवरचा उंचवटा फिरताना पंपाची लिव्हर ढकलतो. लिव्हर आतील रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, खाली ओढते आणि टाकीकडून पेट्रोल खेचले जाते. लिव्हर सैल होताच खालची स्प्रिंग पडद्याला वर रेटते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जाते. येणारे पेट्रोल मागे परतू नये म्हणून आत दोन छोटे व्हॉल्व्ह असतात.

कार्बोरेटरची वाटी भरली, की तिचा नीडल व्हॉल्व्ह बंद होतो. मग पडदा खालीच थांबतो आणि लिव्हर नुसतीच हलत राहते. याचा अर्थ असा, की पेट्रोलचा दाब इंजिनाच्या वेगावर अवलंबून नसून त्या स्प्रिंगवर अवलंबून असतो. तो सामान्यतः २ ते ४ पौंड प्रति चौरस इंच इतकाच असतो. एवढ्या नाजूक यंत्रणेत पडद्याला बारीक चीर पडली, व्हॉल्व्हखाली गंजाचा कण अडकला किंवा मागच्या नळीतून थोडी हवा शिरली, तरी पुरवठा खंडित होतो.

आधी खात्री, मग खर्च

उन्हात बंद पडलेली आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू झालेली गाडी पाहिली, की दोष पंपावर ढकलला जातो. परंतु इग्निशन कॉइल तापून कमजोर झाली किंवा डिस्ट्रिब्युटरमधील कंडेन्सर बिघडला, तरी लक्षणे हुबेहूब अशीच असतात. थंड झाल्यावर कॉइल पुन्हा काम करू लागते आणि नेमक्या त्याच वेळी पंपावर टाकलेल्या ओल्या फडक्याला श्रेय मिळते. म्हणून गाडी बंद पडलेली असतानाच प्लगपर्यंत ठिणगी येते की नाही, हे पाहावे. कार्बोरेटरला अॅक्सिलरेटर पंप असेल, तर इंजिन बंद ठेवून थ्रॉटल हलवावे. आत पेट्रोलची बारीक धार दिसली, तर वाटीत पेट्रोल आहे आणि शोध विजेच्या बाजूला न्यावा.

पारदर्शक फिल्टर अर्धा रिकामा दिसतो म्हणून पंप निकामी ठरविणे ही आणखी एक चूक. सुस्थितीतील पुष्कळ गाड्यांत तो तसाच दिसतो.

पुरवठ्याची मोजणी हा खरा पुरावा होय. गॅरेजमध्ये, इंजिन थंड असताना आणि आसपास कोणतीही ज्योत नसताना, कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून ती मापाच्या भांड्यात सोडावी. वाटीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन थोडा वेळ चालते. या वेळात मिनिटाला अर्ध्या लिटरच्या हिशेबाने पेट्रोल येत असेल, तर लहान इंजिनासाठी ते पुरेसे समजावे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी आणि लिटरला १२ किलोमीटर धावणारी गाडी मिनिटाला सुमारे ११० मिलिलिटर पेट्रोल वापरते. म्हणजे हा पुरवठा गरजेच्या चौपटीहून अधिक झाला. गॅरेजमध्ये इतके पेट्रोल देणारा पंप रस्त्यावर मान टाकत असेल, तर कारण त्याच्या बाहेर शोधले पाहिजे.

शोधाची सुरुवात टाकीपासून

पहिली तपासणी बिनखर्चाची आहे. गाडी अडखळू लागली, की थांबून टाकीचे झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा 'सूं' असा आवाज आला आणि त्यानंतर गाडी नीट चालली, तर झाकणाचे श्वासछिद्र बुजलेले आहे. पेट्रोल जसे कमी होते, तशी तेवढी हवा टाकीत यावी लागते. ती न आल्यास आत निर्वात पोकळी तयार होते आणि पंपाला तिच्याशी झगडावे लागते. चोरीच्या भीतीने बसविलेल्या कुलपाच्या झाकणाला अनेकदा हे छिद्रच नसते.

दुसरा संशयित गंज. वर्षातून चार वेळा बाहेर निघणाऱ्या गाडीची टाकी अर्धी रिकामी राहते. पावसाळ्यातील दमट हवा तिच्यात शिरते, पाणी जमते आणि पत्रा गंजू लागतो. गंजाचे बारीक कण टाकीतील जाळी बुजवतात. त्यातून निसटलेले कण पंपाच्या व्हॉल्व्हखाली अडकतात. नवा पंप बसविल्यावर हेच कण त्यालाही गाठतात. अशा वेळी टाकी उतरवून धुणे, गंज काढणे आणि पंपाच्या आधी चांगला फिल्टर बसविणे हा खरा उपाय होय.

तिसरा संशयित म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या नळ्या. या भागात पेट्रोल ढकलले जात नाही, खेचले जाते. त्यामुळे नळीला भेग असली, तरी थेंब गळत नाही. उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. वरून सारे कोरडे दिसते आणि पंप मात्र पेट्रोलऐवजी बुडबुडे खेचत राहतो. खात्री करण्यासाठी पंपाची येणारी नळी स्वच्छ पेट्रोलच्या धातूच्या डब्यात सोडून उभ्या जागी इंजिन चालवून पाहावे. तेवढ्याने इंजिन सुरळीत चालले, तर दोष पंपाच्या मागे आहे. ही चाचणी उघड्या जागेत, थंड इंजिनावर आणि जाणकाराच्या देखरेखीखालीच करावी; डबा ठेवून गाडी रस्त्यावर नेणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

वऱ्हाडचे ऊन आणि पेट्रोलची वाफ

वऱ्हाडातील उन्हाळ्याची तीव्रता वेगळी सांगायला नको. मे २०२४ मध्ये तर उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. हवेचे तापमान ४५ अंशांवर असताना बॉनेटखालचे तापमान त्याहून कितीतरी अधिक असते. पेट्रोल हे अनेक द्रव्यांचे मिश्रण असून त्यातील हलके घटक ३५ ते ४० अंशांपासूनच उकळू लागतात. त्यातच पंप टाकीकडून पेट्रोल खेचत असल्याने नळीतील दाब कमी होतो आणि उकळणे आणखी सोपे होते. नळीत वाफ साचली, की पंपाचा पडदा ती वाफच दाबत आणि सैल करीत बसतो. पेट्रोल पुढे सरकत नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. यात पंप मोडलेला नसतो आणि म्हणूनच तो बदलून काही साधत नाही.

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना हा त्रास विशेष जाणवतो. इंजिनावर ताण अधिक, गाडीचा वेग कमी, समोरून येणारा वारा अपुरा आणि सुमारे ११०० मीटर उंचीवर हवेचा दाबही मैदानापेक्षा कमी, अशी सारी प्रतिकूलता तेथे एकवटते. लग्नाच्या वरातीत माणसाच्या चालीने सरकणाऱ्या सजविलेल्या गाडीची अवस्था याहून फार वेगळी नसते.

चहासाठी थांबलेली गाडी दहा-पंधरा मिनिटांनी सुरू होत नाही, त्याचे कारण थोडे निराळे आहे. इंजिन बंद होताच पंखा आणि पाण्याचे अभिसरण थांबते, इंजिनातील उष्णता बाहेरच्या भागांत पसरते आणि कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोल उकळून इंजिनात सांडते. अशा वेळी पेट्रोलचा उग्र वास येतो. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून स्टार्टर मारल्यास गाडी बहुधा सुरू होते. वास नसेल आणि कार्बोरेटर कोरडा असेल, तर व्हेपर लॉकचा संशय घ्यावा.

ओले फडके हा तात्पुरता उपाय आहे. कायमच्या उपायांत पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या गरम भागापासून दूर नेणे, तिच्यावर उष्णतारोधक आवरण चढविणे, पंप आणि गरम पाइप यांच्यामध्ये पत्र्याची आडभिंत लावणे, तसेच रेडिएटर आणि पंखा सुस्थितीत ठेवणे यांचा समावेश होतो.

पेट्रोल बदलले, रबर तेच राहिले

या गाड्या तयार झाल्या तेव्हाचे पेट्रोल आणि आजचे पेट्रोल एक नव्हे. देशातील काही राज्यांत २००३ पासून पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्यास सुरुवात झाली. जून २०२२ मध्ये देशाची सरासरी १० टक्क्यांवर पोहोचली. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल बाजारात आले आणि २०२५ मध्ये तेच सर्वसाधारण पेट्रोल बनले. इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय पंपांवर असावा, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्या खंडपीठाचे प्रमुख होते मूळचे अमरावतीचे असलेले तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई.

या धोरणाच्या बाजूने आयात तेलावरील खर्चातील बचत आणि शेतमालाला मिळणारी नवी बाजारपेठ हे मुद्दे मांडले जातात. जुन्या गाडीच्या मालकाने मात्र आपल्या यंत्रावर होणारा परिणाम समजून घेतला पाहिजे. इथेनॉलमुळे जुन्या प्रकारचे रबर फुगते, मऊ पडते किंवा कालांतराने तडकते. त्यामुळे पंपाचा पडदा आणि नळ्या दोन्ही लवकर निकामी होतात. इथेनॉल पाणी शोषून घेते, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी गंजण्यास मदत होते. टाकीत साचलेला जुना चिकट थरही ते सोडविते आणि तो थर फिल्टर व पंपाकडे येतो. इथेनॉल स्वतः ७८ अंशांना उकळत असले, तरी पेट्रोलमध्ये मिसळल्यावर मिश्रणाची बाष्पशीलता वाढते. शिवाय त्यातील ऑक्सिजनमुळे कार्बोरेटरचे मिश्रण पातळ होते, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होते. जेटची जुळणी केली नाही, तर इंजिन अधिक तापू शकते.

सरकारनेही हा मुद्दा सर्वस्वी नाकारलेला नाही. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावी लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले होते. साठ-सत्तरच्या दशकातील गाडीच्या मालकाने तेवढी वाट न पाहता इथेनॉलला टिकणाऱ्या फ्लुओरो-रबराचा, म्हणजे बाजारात व्हायटॉन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारचा, पडदा मिळतो का ते पाहावे. रबरी नळी घेताना तिच्यावर 'एसएई जे ३० आर ९' हा शिक्का असल्याची खात्री करावी. साधी पाण्याची किंवा हवेची नळी कधीही वापरू नये.

बसविताना होणाऱ्या चुका

नवा पडदा किंवा पंप दोन-तीन महिन्यांतच फाटत असेल, तर त्याच्या बसविण्याकडे पाहावे. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बेकलाइटची जाड चकती आणि कागदी गॅस्केट असतात. इंजिनाची उष्णता अडविणे आणि लिव्हरची हालचाल योग्य राखणे, अशी दोन कामे ही चकती करते. ती तुटली म्हणून फेकून दिली आणि पंप थेट इंजिनावर आवळला, तर लिव्हर प्रमाणाबाहेर दाबली जाते आणि पडदा प्रत्येक फेरीला ताणला जातो. शिवाय पंप अधिक तापतो. उलट गॅस्केटवर गॅस्केट चढविली, तर लिव्हरची हालचाल अपुरी पडते आणि पुरवठा घटतो. जुने माप मोजून तेवढीच जाडी राखणे हाच यावर उपाय आहे.

दुसरी चूक पंप खोलून नवा पडदा बसविताना होते. वरच्या झाकणाचे स्क्रू शेवटचे आवळताना लिव्हर पूर्ण दाबून धरावी लागते, म्हणजे पडदा खाली ओढलेल्या स्थितीत पक्का होतो. तसे न करता स्क्रू आवळले, तर पडदा ताठ बसतो आणि थोड्याच दिवसांत कडेला फाटतो. जुन्या मिस्त्रींना ही गोष्ट ठाऊक असते. परंतु इंजेक्शनच्या गाड्यांवर शिकलेल्या तरुण कारागिरांना ती कोणी सांगितलेली नसते.

विजेचा पंप हा सोपा मार्ग आहे काय?

वारंवारच्या त्रासाला कंटाळून अनेक जण विजेवर चालणारा पंप बसवितात. तो टाकीजवळ बसविल्यास पेट्रोल मागून ढकलले जाते आणि व्हेपर लॉक कमी होतो, हे खरे. मॉरिस मायनरसारख्या गाड्यांत तर मुळातच 'टक टक' आवाज करणारा एसयू विजेचा पंप असे. मात्र काही अटी पाळाव्या लागतात. इंजेक्शनच्या गाडीचा पंप ४० पौंडांहून अधिक दाब देतो. तो कार्बोरेटरला लावल्यास पेट्रोल ओसंडून वाहील. म्हणून कमी दाबाचाच पंप घ्यावा. त्याला फ्यूज, रिले आणि अपघातात वीज तोडणारा स्विच असावा. अन्यथा नळी तुटली, तरी पंप पेट्रोल ओततच राहील. पंपाच्या तारेचा अर्थ, म्हणजे बॉडीशी असलेली जोडणी, गंजलेली असेल किंवा टाकी वारंवार कोरडी पडत असेल, तर हा पंपही जळतो.

सर्वांत मोठा धोका म्हणजे जुना पंप जागेवर ठेवून त्याच्या मागे विजेचा पंप जोडणे. जुन्या पंपाचा पडदा फाटला, तर विजेचा पंप पेट्रोल सरळ इंजिनाच्या ऑइलमध्ये ढकलतो.

डिपस्टिक काय सांगते?

पडदा फाटला, की पेट्रोल ऑइलमध्ये उतरू शकते, ही बाब प्रत्येक मालकाने लक्षात ठेवावी. पेट्रोलमुळे ऑइल पातळ होते, बेअरिंगवरील संरक्षक थर तुटतो आणि इंजिन आतून झिजते. पाचशे-हजार रुपयांच्या पडद्यापायी संपूर्ण इंजिन उघडण्याची वेळ येते. बिघाडानंतर डिपस्टिक काढून पाहावी. ऑइलची पातळी न भरता वाढलेली असेल किंवा त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर इंजिन सुरू न करता ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलावे.

पुष्कळ पंपांच्या अंगाला खालच्या बाजूस एक छोटे छिद्र असते. त्यातून पेट्रोल पाझरत असेल, तर पडदा फाटल्याची ती सूचना आहे. पाझर थांबविण्यासाठी ते छिद्र साबण किंवा एम-सीलने बुजविणे घातक होय. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती गाडीखाली साचते आणि गरम सायलेन्सर किंवा डिस्ट्रिब्युटरची ठिणगी तिला पुरेशी असते. गाडीत अग्निशामक नळकांडे ठेवावे आणि नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढू नये.

नोंदवही ठेवा

पुढच्या वेळी गाडी बंद पडेल, तेव्हा पंप मागविण्याआधी एक क्रम पाळावा. प्रथम ठिणगी, मग टाकीचे झाकण, त्यानंतर नळ्या आणि फिल्टर, मग पुरवठ्याची मोजणी, पंपाखालची चकती आणि शेवटी पंपाचा पडदा. प्रत्येक बिघाडाची तारीख, दुपारची वेळ, टाकीत किती पेट्रोल होते, गाडी चढावर होती की नुकतीच थांबविली होती आणि कोणता भाग बदलला, हे एका वहीत लिहून ठेवावे. बिघाड दुपारीच होत असेल, तर उष्णतेकडे बोट जाते. टाकी भरलेली असताना कमी आणि रिकामी होताना अधिक होत असेल, तर टाकीतील गाळाचा किंवा नळीच्या भेगेचा संशय येतो. ठराविक महिन्यांनी पडदाच फाटत असेल, तर रबर किंवा बसविण्यातील दोष तपासावा. काढलेला जुना पंप भंगारात न टाकता मिस्त्रीकडून उघडून घ्यावा. पडदा कडेला फाटला आहे, मध्ये फुगला आहे, की व्हॉल्व्हखाली लालसर गंज आहे, हे पाहिल्यावरच पुढचा पंप घ्यायचा की टाकी उतरवायची, याचा निर्णय करता येतो.